सिवाला जायचंय? घाई कैरोतच ठेवा

कैरोहून सिवाला निघणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये बसताना दोन गोष्टी अंगाशी ठेवा: पासपोर्ट आणि शाल. पासपोर्ट अशासाठी, की वाटेत तपासणी नाके लागतात आणि रात्री अडीचला शिपाई खांदा हलवून तो मागतो. तेव्हा तो डिकीतल्या बॅगेत असून उपयोग नाही. आणि शाल अशासाठी, की बसचा एसी वाळवंटातल्या डिसेंबरपेक्षा थंड असतो. आम्ही दुसरी गोष्ट शिकलो ती कुडकुडून.

सिवा हे इजिप्तच्या पश्चिम टोकाचं छोटं गाव. लिबियाची सरहद्द इथून जेमतेम पन्नासेक किलोमीटर. सगळा परिसर समुद्रसपाटीच्या खाली, एखाद्या परातीसारखा खोलगट. या परातीत शेकडो झरे, लाखो खजुराची झाडं, ऑलिव्हच्या बागा आणि खाऱ्या पाण्याची तळी आहेत. बाहेर मात्र नजर जाईल तिथवर वाळू. इथली घरची भाषा अरबी नाही, सिवी आहे. उत्तर आफ्रिकेत मोरोक्कोपासून पसरलेल्या अमाझिग भाषांमधली ही सर्वांत पूर्वेकडची. शाळेत आणि कचेरीत अरबी, चुलीपाशी सिवी.

या लोकांना जगभर ‘बर्बर’ म्हणतात. आपल्याला तो शब्द ऐकताच खटकायला हवा, कारण संस्कृतातून मराठीत आलेल्या ‘बर्बर’चा अर्थ रानटी असाच आहे, आणि ग्रीकांचा ‘बार्बारोस’ही त्याच घरातला. तिथे बोलताना ‘अमाझिग’ म्हणा, नाहीतर सरळ ‘सिवी’. एवढ्यानंही समोरच्याचा चेहरा बदलतो.

कधी आणि कसं

ऑक्टोबर ते मार्च हे महिने बरे. एप्रिलमध्ये धुळीचा खमसीन वारा सुटतो, आणि जून ते ऑगस्ट पारा सहज चाळिशी ओलांडतो. डिसेंबर-जानेवारीत दुपार सुखाची, पण रात्री चांगल्याच बोचऱ्या. मातीच्या खोल्यांमध्ये हीटर नसतो. दोन ब्लँकेटं मागून घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरला खजुराची काढणी चालू असते. गावभर खजुराचे पेटारे, आणि त्यांच्याबरोबर माश्याही. ही किंमत मला मंजूर आहे, कारण तेव्हा गाव कामात असतं आणि कामात असलेलं गाव बघण्यासारखं असतं.

ऑक्टोबरच्या पौर्णिमेला, म्हणजे बहुतेक वर्षी आपल्या कोजागरीच्या सुमारास, दक्रूर टेकडीच्या पायथ्याशी ‘सियाहा’ नावाचा उत्सव भरतो. दीडेकशे वर्षांपूर्वी एका सूफी शेखनं गावातल्या पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या घराण्यांची जुनी भांडणं मिटवायला तो सुरू करून दिला, असं सांगतात. तीन दिवस पुरुषमंडळी एकत्र राहतात, रोटी-भात-मांसाच्या मोठ्या परातींभोवती गोल करून जेवतात. वर्षभराचे तंटे तिथे सुटतात. त्या दिवसांत जायचं तर खोली दोन महिने आधी धरा.

मुंबईहून कैरोला थेट विमान आहे, साधारण सहा तासांचं. भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधीच काढा आणि त्या वेळचा नियम दूतावासाच्या संकेतस्थळावर वाचूनच अर्ज भरा. कैरोहून पुढे दोन वाटा आहेत. एक, रात्रीची थेट बस. दहा-बारा तास लागतात, सकाळी गावात. दुसरी, भूमध्य समुद्राकाठच्या मर्सा मतरूहपर्यंत जाऊन तिथे एक रात्र काढायची आणि सकाळी दक्षिणेकडची बस किंवा मायक्रोबस पकडायची. मतरूह ते सिवा ३०० किलोमीटर, चार तास. मध्ये चहापाण्याचा एक थांबा, बाकी सपाट माळ. लहान मुलं किंवा पासष्टीपुढचं कोणी बरोबर असेल तर दुसरी वाट घ्या. नकाशावर बहरिया मरुद्यानाकडून सिवाला येणारा एक रस्ताही दिसतो. तो बघून मोहात पडू नका. परदेशी प्रवाशांसाठी तो परवानगीचा मामला आहे.

मतरूहहून दक्षिणेला निघालात की एक गोष्ट मनात असू द्या. इ.स.पू. ३३१ मध्ये सिकंदर याच दिशेनं आला होता, किनाऱ्याने मतरूहपर्यंत आणि मग वाळवंटातून खाली. त्याला सिवाच्या अमुन देवाचा कौल घ्यायचा होता.

पैसे रोख न्या. गावात एटीएम आहे, पण एका एटीएमच्या भरवशावर वाळवंटात जाऊ नये. नेहमीची औषधं पूर्ण मुक्कामाची घ्या. मोठ्या दवाखान्यासाठी मतरूहच गाठावं लागतं.

पहिला दिवस: काही करू नका

रात्रभर बसमध्ये अवघडलेलं अंग घेऊन सकाळी सातला उतरलात की टुकटुकवाले गाठतील. टुकटुक म्हणजे आपली रिक्षाच. इजिप्तमध्ये धावणाऱ्या बऱ्याचशा बजाजच्या आहेत, त्यामुळे तो फटफट आवाज ओळखीचा वाटतो. गाढवाच्या गाड्याही अजून आहेत. बसायच्या आधी भाडं ठरवा, आणि हसत ठरवा. इथे आवाज चढवून घासाघीस करणं ओंगळ दिसतं.

राहायला दोन पर्याय. चौकाजवळ राहिलात तर सगळं पायी होतं. बागांमध्ये राहिलात तर शांतता मिळते, पण डासही मिळतात आणि रात्री परतायला वाहन लागतं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं चौकाजवळच राहावं. खोली मात्र ‘करशीफ’ची मागा.

करशीफ म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय सिवा कळत नाही. खाऱ्या तळ्यांच्या काठी मीठ आणि माती मिळून दगडासारखा थर धरतो. त्याचे ओबडधोबड तुकडे काढायचे, त्याच खारट चिखलात बसवायचे, आणि उन्हात सुकू द्यायचे. सुकलं की एकसंध, सिमेंटसारखं टणक. वर खजुराच्या खोडांच्या तुळया. भिंत हातभर जाड, खिडकी देवळीएवढी. दुपारी आत शिरलं की वाड्यातल्या माजघरात शिरल्यासारखं गार वाटतं. आमच्या खोलीत उशाशी दिवा लावला तेव्हा भिंतीतले मिठाचे स्फटिक लुकलुकले. मी बोट फिरवून जिभेला लावून पाहिलं. खारटच.

हेच बांधकाम गावाच्या मधोमध डोंगराएवढं उभं आहे. त्याचं नाव शाली. सिवी भाषेत त्याचा अर्थच ‘गाव’. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला लुटारू टोळ्यांच्या भीतीनं सगळं गाव टेकडीवर एका तटाच्या आत राहायला गेलं. तटाबाहेर घर बांधायला बंदी, म्हणून माणसं वाढली तशी घरं वर वर चढत गेली, चार-पाच मजल्यांपर्यंत. बोळ इतके झाकलेले, की दिवसाही दिवा लागे. बागांत राबणाऱ्या बिनलग्नाच्या तरुणांना रात्री तटाच्या आत राहायची मुभा नव्हती. ते बाहेर बागांमध्येच झोपत. सातशे वर्षं गाव इथे नांदलं. मग १९२६ साली सलग तीन दिवस पाऊस पडला आणि मिठाचं गाव विरघळलं. माणसं खाली येऊन राहिली ती कायमची. मराठवाड्यातल्या पांढऱ्या मातीच्या गढ्या पावसानं खचताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना शालीचं आजचं रूप वेगळं समजावून सांगायला नको.

अलीकडे डागडुजी झाली आहे, पायवाटा बांधल्या आहेत. साडेचारच्या सुमारास चढा, वीस मिनिटांत माथा येतो. तळवा धरून ठेवणारे बूट घाला, आणि पडक्या भिंतींवर चढून फोटो काढू नका; त्या आतून पोकळ असतात. वरून खजुराचा हिरवा समुद्र दिसतो, त्यापलीकडे तळ्यांची पांढरी किनार, आणि त्याही पलीकडे पिवळी वाळू. हे तीन पट्टे नीट पाहून घ्या. उरलेले दोन दिवस त्यांच्यातूनच फिरायचंय.

दुसरा दिवस: सायकल आणि गोडं पाणी

चौकात सायकली भाड्यानं मिळतात. ब्रेक आणि सीट तपासा, चाकातली हवा दाबून बघा. सकाळी आठला निघून पूर्वेकडे अघुर्मीला जा, साधारण चार किलोमीटर. इथल्या खडकावर अमुनचं कौलाचं मंदिर आहे, इ.स.पू. सहाव्या शतकातलं. आत फारसं कोरीव काम उरलेलं नाही. पण सिकंदर ज्या गाभाऱ्यात एकटा गेला तो हाच. त्यानं काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं, ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही. प्लूटार्क या प्राचीन ग्रीक लेखकानं मात्र एक मजेशीर गोष्ट लिहून ठेवली आहे. पुजाऱ्याला ग्रीकमध्ये ‘बाळा’ म्हणायचं होतं, पण जीभ अडखळली आणि ऐकणाऱ्यांना ते ‘देवाच्या पुत्रा’ असं ऐकू आलं. सिकंदर खूश.

तिथून जवळच उम्म उबैदा. एका भल्या मोठ्या मंदिराची इथे एकच भिंत उभी आहे. बाकीचं १८९६ साली इथल्या सरकारी अंमलदारानं दगड मिळवण्यासाठी सुरुंग लावून उडवलं. पाच मिनिटांत बघून होतं, पण राग बराच वेळ राहतो.

मग बागांतल्या रस्त्यानं क्लिओपात्राच्या कुंडावर. क्लिओपात्रा इथे आली होती याला काही आधार नाही, पण नाव चिकटलंय. दगडी बांधलेला गोल हौद, तळातून बुडबुडे येतात, कडेला चहाची दुकानं. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं अमुनच्या मंदिराजवळचा एक झरा वर्णिलाय: भर दुपारी गार, मध्यरात्री गरम. पुष्कळ जण तो हाच मानतात. यात चमत्कार नाही. आपल्या विहिरीचं पाणी थंडीत कोमट आणि वैशाखात गार लागतं, तसंच. पाणी तेच असतं, हवा बदलते. उतरताना शेवाळ सांभाळा. हौद खोल आहे. पोहता येत नसेल तर पायरीवर बसून पाय सोडा.

बायकांनी इथे पोहण्याच्या कपड्यांत उतरू नये. सैल लांब टी-शर्ट आणि लेगिंग्ज बरी. एरवीही खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या, पुरुषांनीसुद्धा. सिवातल्या लग्न झालेल्या बायका बाहेर पडताना ‘तर्फोतेत’ नावाचं राखाडी-निळसर मोठं वस्त्र डोक्यावरून लपेटून घेतात, चेहराही झाकतात. गाढवगाडी हाकणारा आठ-दहा वर्षांचा मुलगा आणि मागे पाठ करून बसलेली, त्या निळ्या वस्त्रातली आई, हे दृश्य दिवसातून दहादा दिसेल. फोटो काढू नका. लपूनही नाही. त्यांना कळतं.

पण बाई म्हणून प्रवास करण्याचा एक फायदा मला तिथेच मिळाला. आमच्या मुक्कामाच्या मालकाच्या आईनं मला आत बोलावलं. माझा नवरा बाहेर ओट्यावर चहा पीत बसला. आत तिनं पेटीतून लग्नाचा झगा काढून दाखवला. काळ्या कापडावर गळ्यापासून सूर्यकिरणांसारखी फुटलेली रेशमी भरतकामाची रेघ, लाल, नारिंगी, पिवळी, हिरवी, आणि मध्ये मध्ये टाकलेली शिंपल्यांची बटणं. तिनं एकेका रंगावर बोट ठेवून खिडकीबाहेरचं झाड दाखवलं. भाषा एक शब्दही कळत नव्हती, तरी ध्यानात आलं: खजूर कच्चा असल्यापासून पिकेपर्यंतचे रंग आहेत हे. असं बोलावणं आलं तर नाही म्हणू नका. बूट दाराशी काढा, आणि लहान मुलांसाठी घरून काही खाऊ नेला असेल तर तो द्या. पैसे देऊ नका.

दुपार झोपेत घालवा. गावही झोपतं. चारला उत्तरेकडच्या जबल अल-मौता, म्हणजे मृतांच्या टेकडीवर जा. मधाच्या पोळ्यासारखी थडग्यांनी पोखरलेली ही टेकडी. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीनं गावकरी इथे आसऱ्याला आले, तेव्हा काही थडगी उघडकीला आली. सी-अमुनचं थडगं चुकवू नका: इजिप्शियन देवतांच्या रांगेत दाढीवाला, ग्रीक वळणाचा घरधनी. पहारेकऱ्याकडे किल्ल्या असतात, त्याला सांगितलं की उघडून देतो. टॉर्च न्या.

तिसरा दिवस: मीठ, मग वाळू

सिवाला आता सगळे ज्या फोटोंसाठी येतात ती निळी खारी कुंडं गावाबाहेर आहेत. ती निसर्गानं खणलेली नाहीत; मीठ काढण्यासाठी खोदलेले चर पाण्यानं भरले, तीच ही कुंडं. ज्यांनी वडाळा-मुलुंडकडची मिठागरं पाहिली आहेत त्यांना हे एका नजरेत कळेल. क्षार इतका, की अंग आपोआप वर येतं. पाठीवर पडा आणि तरंगा.

उतरण्याआधी हे वाचा. आदल्या दिवशी दाढी किंवा वॅक्सिंग करू नका. अंगावर ओरखडा असेल तर उतरू नका. मी पायाच्या एका किरकोळ खरचटण्याकडे दुर्लक्ष केलं आणि पुढची दहा मिनिटं आई आठवली. काठाचं मीठ काचेसारखं कापतं, म्हणून रबरी चपला घालूनच आत जा. डोळ्यांत पाणी गेलं तर हातानं चोळू नका, हातही खारेच असतात. गोड्या पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या काठावर ठेवा, आणि बाहेर आल्यावर लगेच एखाद्या गोड्या झऱ्यावर जा. टुकटुकवाल्याशी तसंच ठरवा.

या सुंदर पाण्याची दुसरी बाजूही तिथले शेतकरी सांगतील. परातीतून पाणी बाहेर जायला वाटच नाही. विहिरी वाढल्या, पाटांचं जादा पाणी तळ्यांत साठत गेलं, उन्हानं आटलं आणि मीठ मागे ठेवून गेलं. सखल भागातल्या बागांत खारटपणा चढून झाडं वठली आहेत. सायकलवरून जाताना शेंडा नसलेली खोडं दिसतात ती हीच. आणि हे पाणी वाळूच्या खालच्या खडकात हजारो वर्षांपूर्वी साठलेलं आहे. वरून भर पडत नाही. हॉटेलात अंघोळ आटोपती ठेवा.

दुपारी वाळू. गावाच्या दक्षिणेपासून ‘महावाळूसागर’ सुरू होतो. पर्शियाचा राजा कंबायसिस याचं पन्नास हजारांचं सैन्य सिवाकडे येताना वाळूच्या वादळात गडप झालं, असं हिरोडोटस सांगतो. तुम्ही गडप होऊ नये म्हणून परवाना लागतो. आदल्या दिवशी सकाळीच मुक्कामाच्या मालकाकडे पासपोर्टच्या झेरॉक्स द्या, तो करून आणतो. रात्री वाळवंटात राहायची परवानगी कधी असते, कधी नसते. ती नसेल तर ‘कुणाला कळत नाही’ म्हणणाऱ्याच्या गाडीत बसू नका. गाडीत चढण्याआधी तीन गोष्टी बघा: जादा चाक, पाण्याचा कॅन, आणि लागणारा सीटबेल्ट. ड्रायव्हर वाळूत शिरण्याआधी उतरून टायरमधली हवा कमी करतो. करत नसेल तर तो नवखा आहे. पाठीचं दुखणं असलेल्यांनी पुढे बसावं, नाहीतर गावातच थांबावं. टेकड्यांवरून गाडी सोडतात तेव्हा मणका मोजता येतो.

बीर वाहिदला गरम पाण्याचं कुंड आहे. तेल शोधायला भोक पाडलं आणि पाणी लागलं, त्याची ही कथा. आसपासच्या खडकांत समुद्री शिंपल्यांचे जीवाश्म दिसतात; बघा आणि तिथेच ठेवा. सूर्य मावळला की ड्रायव्हर काटक्यांवर किटली ठेवतो. सिवी चहा काळाकुट्ट, उकळून आटवलेला, भरपूर साखरेचा असतो. तो छोट्या पेल्यांत उंचावरून ओततात, आणि एकामागून एक तीन वेळा. लिंबाच्या वासाची ‘लुईझा’ नावाची पानं त्यात पडली तर नशीब. पहिला पेला पिऊन उठू नका.

शाकाहारींचं काय?

होतं, थोडं सांगावं लागतं. ‘अना नबाती’ म्हटलं तर अनेकांना वाटतं की मटण नको, कोंबडी चालेल. म्हणून ‘ला लहम, ला फिराख, ला समक’ असं मोजून सांगा: मटण नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत. सकाळी फूल (उकडून घोटलेल्या घेवड्याची उसळ) आणि तामिया (त्याच घेवड्याचे वडे), दुपारी मसूराचं ‘अदस’, भात-मसूर-मॅकरोनीची कोशरी, भेंडीची भाजी, रोटी, ऑलिव्ह. मुलूखियाची पातळ भाजी दिसायला निरुपद्रवी, पण ती बहुधा कोंबडीच्या शोरब्यात शिजवतात, विचारून घ्या. खाणाऱ्यांनी ‘अबू मर्दम’ सकाळीच सांगून ठेवावं: वाळूत खड्डा करून निखाऱ्यांवर तासन्‌तास पुरून शिजवलेलं मांस. गावात दारू मिळत नाही, शोधूही नका. खजुराच्या झाडाची ताजी ‘लगबी’ मात्र मिळाली तर प्या; ती म्हणजे आपली नीरा, आणि नीरेसारखीच सकाळचीच चांगली.

घरी काय न्यावं

खजूर, अर्थात. ‘सीवी’ जातीचा अर्धवट सुका खजूर टिकतो. ‘फ्रेही’ महाग, पण एक खाऊन बघा. दुकानदार चव देतोच. ऑलिव्ह तेलाची बाटली प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत. चांदीचे मोठे दागिने ‘जुने आहेत’ म्हणून दाखवतील. खरे जुने बहुतेक केव्हाच विकले गेले, आताचे नव्यानं घडवलेले असतात. आवडले तर नव्याच्या भावात घ्या. भरतकामाच्या ओढण्या मात्र गावातल्या बायकांच्या हातच्या मिळतात, तिथे फार घासाघीस करू नका. शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत बाजार बंद असतो, त्यामुळे परतीची बस शुक्रवारी रात्रीची असेल तर खरेदी गुरुवारीच उरका. तिकीटही गावात पोचलात त्याच दिवशी काढून ठेवा.

मिठाच्या ठोकळ्यातून कोरलेले दिवे दिसतील, नारिंगी उजेडाचे, फार देखणे. वजनाला जड आणि विमानात उगाच ओझं, तरी आम्ही एक आणलाच. पुण्यात असाल तर आणा. मुंबईत किंवा कोकणात असाल तर खाली खोलगट ताटली ठेवा. आमचा दिवा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाझरायला लागला. आता दसऱ्यापर्यंत तो तांदळाच्या डब्यात असतो.